तळ सांधण्याची विद्या

नौकेचे बूड आणि तिच्या दोन्ही बाजू मिळून पाण्याला भिडणारे जे बाह्यांग तयार होते, त्याला जहाजबांधणीच्या परिभाषेत हल म्हणतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हल बांधण्याच्या विद्येचा उल्लेख इतिहासात वारंवार येतो, पण तो वर्षानुवर्षे पाण्यायोग्य राखण्याच्या विद्येचा उल्लेख क्वचितच सापडतो, कारण जलावतरणाचा दिवस कागदावर नोंदला जातो आणि फट बुजवल्याचा दिवस नोंदला जात नाही. वास्तविक पाहता एकदा बांधलेली लाकडी नौका पुढे अनेक पावसाळे काढत असे, आणि त्या प्रत्येक पावसाळ्यात तिच्यावर कोणाचे तरी हात फिरत असत. गेल्या साठ-सत्तर वर्षांत सागाच्या फळीची जागा काचतंतू आणि रेझिन यांच्या थराने, म्हणजे बोलीभाषेतील फायबरने, घेतली. या बदलाने नौकांचे रूप पालटले हे सर्वांनाच दिसते, परंतु त्याहून खोल बदल दुरुस्तीत झाला, आणि तो असा की जे काम पूर्वी सुतारकीच्या घरात जन्मून, हाताखाली वर्षे काढून शिकावे लागे, ते आता प्रमाण आणि क्रम सांभाळणाऱ्या नवख्या माणसाच्याही आवाक्यात आले. या लेखात त्या बदलाचा मागोवा घेतला आहे.

मराठ्यांच्या आरमाराचा प्रारंभ ज्या कल्याण-भिवंडीत झाला, तेथील हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. 1657 मध्ये हा मुलूख हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी तेथील खाडीत लढाऊ नौका बांधण्यास घेतल्या, आणि त्या कामावर रुई लैताव व्हिएगश या पोर्तुगीजाच्या हाताखाली युरोपीय कारागीर लावले. 1659 मध्ये वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या दबावामुळे ही मंडळी काम टाकून निघून गेली, तरी आरमार उभे राहिले. याचा अर्थ एवढाच निघू शकतो की परक्या उस्तादांच्या पाठोपाठ काम पुढे नेण्याइतके कसब स्थानिक सुतार, कोळी आणि भंडारी यांच्या हातात आधीच होते, किंवा काम चालू असतानाच ते त्यांनी उचलले होते. लढाऊ नौका नुसती बांधून भागत नाही. तोफेच्या धक्क्याने तिचे सांधे सैल होतात, खडकाला बूड घासते, खाऱ्या पाण्यातील किडा लाकूड पोखरतो. म्हणूनच आंग्र्यांच्या काळात विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये येथे दगडी गोदी तयार झाली, जिचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. भरतीच्या वेळी नौका आत घ्यावी, ओहोटीला पाणी उतरले की तिचे बूड उघडे करून काम करावे, आणि पुढच्या मोठ्या भरतीला ती बाहेर काढावी, हे अशा गोदीमागचे तत्त्व होय.

मुंबईत या विद्येला कारखान्याचे स्वरूप आले. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेहून 1736 मध्ये मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या व ब्रिटिश आरमाराच्या गोदीचे मुख्य सुतारपद सांभाळले. 1750 मध्ये तेथे कोरडी गोदी, म्हणजे दरवाजा बंद करून आतले पाणी काढून टाकता येईल अशी गोदी, बांधली गेली आणि त्यानंतर मोठ्या जहाजांचे बूड भरती-ओहोटीच्या वेळापत्रकापासून मोकळे झाले. 1810 मध्ये येथे उतरलेले मिंडेन आणि 1817 मध्ये उतरलेले ट्रिंकोमली ही सागाची जहाजे होती. त्यांपैकी ट्रिंकोमली आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे, यावरून मलबारी सागाच्या टिकाऊपणाची कल्पना यावी. सागाच्या अंगात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे तो पाण्याने लवकर कुजत नाही आणि लोखंडी खिळ्यालाही ओकसारखा गंजवीत नाही. हेच तेल पुढे फायबरच्या काळात अडचणीचे ठरले, पण त्याकडे नंतर वळणे योग्य होईल.

लाकडी हलाची दुरुस्ती कशी होत असे, हे समजल्याशिवाय नव्या पद्धतीतील फरक ध्यानात येत नाही. फळीला फळी कितीही घट्ट बसवली तरी मध्ये रेघेएवढी फट राहतेच, आणि ती राहावी अशीच बांधणीची योजना असते, कारण पाण्यात पडल्यावर लाकूड फुगते आणि फुगलेल्या फळ्या एकमेकींना दाबून फट मिटवतात. त्या फटीत कापसाचा किंवा काथ्याचा पीळ बोथट छिन्नीने ठोकून बसवीत, वरून तेलात वितळवलेली राळ ओतीत, आणि बुडाला चुना व तेल किंवा चरबी यांचा लेप देत. पाण्यावरच्या भागाला कोळीवाड्यांत मुशीचे, म्हणजे शार्क माशाच्या काळजाचे, तेल चोपडण्याची चाल होती. सुरत आणि मुंबई येथील सुतार मोठ्या जहाजांत फळ्यांच्या कडांना खाचा पाडून त्या एकमेकींत गुंतवीत आणि मध्ये राळेत भिजवलेला कापूस घालीत, त्यामुळे त्यांच्या जहाजांना युरोपीय जहाजांपेक्षा फटी भरण्याचे काम कमी पडे. पीळ ठोकण्यात खरी परीक्षा असे. तो सैल राहिला तर पाणी आत येई, आणि फार ठोकला तर फुगलेल्या फळ्यांना सरकायला जागा न उरल्यामुळे त्या आतल्या फासळ्यांवरून उचकटून निघत. किती ठोकावे हे मोगरीच्या आवाजावरून ओळखत, आणि तो आवाज ओळखणे हेच त्या कामातील शिक्षण होते. ते पुस्तकात लिहिता येण्याजोगे नव्हते.

या कामाला वर्षाच्या कालगणनेत ठरलेली जागा होती. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या आणि मचवे किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवीत, म्हणजे माडाच्या झापांनी झाकीत, आणि नारळी पौर्णिमेला समुद्र पुन्हा खुला होण्याआधी बुडाची तपासणी, फटींची भरणी आणि लेप हे सर्व उरकून घेत. लाकडी नौकेला दुरुस्ती हा अपघात नव्हता, तर ती दरवर्षी येणारी पाळी होती. गळती लागण्याची वाट न पाहता फट उकरून पुन्हा भरणे हा तिचा धर्म होता. फायबरने मोडली ती ही वार्षिक सवय, आणि या बदलात काय गमावले याचा हिशेब मांडायचा झाल्यास सुरुवात येथूनच करावी लागेल.

सागाच्या शेवटच्या थोर कहाण्यांपैकी एक मुंबईतच सुरू झाली. ब्रिटिश व्यापारी नौदलातील अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1963-64 च्या सुमारास मुंबईत सुहेली ही 32 फुटी शिडाची नौका सागात बांधून घेतली. वाकस, म्हणजे लाकूड तासण्याचे आडव्या पात्याचे हत्यार, आणि दोरीने फिरवायचा सामता अशा पारंपरिक हत्यारांनी काम करणारा तो किनाऱ्यावरचा सुतारवर्ग होता. 14 जून 1968 रोजी इंग्लंडमधील फॅल्मथहून निघून 22 एप्रिल 1969 रोजी ते त्याच बंदरात परतले, आणि एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले मानव ठरले. हा प्रवास एका शर्यतीचा भाग होता, आणि तिच्यात उतरलेल्या नऊ जणांपैकी पूर्ण फेरी करणारे ते एकटेच होते.

दुरुस्तीच्या इतिहासाला या प्रवासातील एक प्रसंग महत्त्वाचा आहे. अटलांटिकमध्ये असताना नौकेत पाणी भरू लागले, आणि शोध घेता असे आढळले की कण्याजवळच्या, म्हणजे बुडाच्या मध्यावरून पुढून मागे जाणाऱ्या मुख्य लाकडालगतच्या, सांध्यांतील भरणी दोन्ही बाजूंना सुटली आहे. गोदी नाही, ओहोटी नाही, मदतनीस नाही, अशा स्थितीत त्यांनी नौका थांबवून समुद्रात बुडी मारली आणि श्वास धरून एकेका खेपेत जमेल तेवढा कापसाचा पीळ त्या फटींत ठोकला. पण पाण्याखाली पीळ टिकेना. तेव्हा त्यांनी कॅनव्हासच्या पट्टीवर पीळ टाकून ती पट्टी तांब्याच्या चुकांनी सांध्यावर ठोकली आणि तिच्या रक्षणासाठी वरून तांब्याची पट्टी बसवली. मध्येच शार्क मासा आल्यामुळे काम थांबवून त्याला गोळी घालावी लागली. नौका बांधली मुंबईच्या सुतारांनी, पण ती टिकली पाण्याखाली एका दमात ठोकलेल्या पिळावर. लाकडी हलाचा हा गुण आहे की त्याचा रोग आणि त्याचा उपाय एकाच जातीचे असतात. जो सांधा सुटतो तोच पुन्हा भरता येतो, आणि त्यासाठी समुद्राबाहेरचे काही लागत नाही.

त्याच सुमारास जगातील नौकाबांधणी वेगळ्या दिशेने निघाली होती. वितळलेल्या काचेचे केसाहून बारीक धागे काढण्याची पद्धत अमेरिकेत 1930 च्या दशकात व्यापारी स्वरूपात आली, आणि 1938 मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी त्यासाठी स्थापन झाली. हे धागे एकटे लवचिक आणि निरुपयोगी असतात, पण पॉलिएस्टर रेझिन या द्रव रासायनिक पदार्थात भिजवून तो पदार्थ घट्ट झाला की दोन्ही मिळून हलका, पाण्याला न भिणारा आणि हव्या त्या वळणाचा पत्रा तयार होतो. ओहायो राज्यातील टोलेडो येथे रे ग्रीन याने 1942 मध्ये या मिश्रणाची शिडाची होडी तयार केली, आणि युद्धानंतरच्या दोन दशकांत जगभरातील विहारनौका लाकडावरून फायबरवर आल्या. भारतात हा प्रवाह उशिरा पोहोचला. त्यातही तो आधी विहारनौकांत दिसला आणि मासेमारीच्या होड्यांत नंतर रुजला, याचे कारण सरळ होते. किनाऱ्यावर सुतार होता, साग परवडत होता, आणि होडी गावातच तयार होत होती. साग महागला, 1980 च्या वन संवर्धन कायद्यानंतर जंगलतोडीला आळा बसला, आणि सुतारांच्या मुलांनी बंदराऐवजी शहरातील फर्निचरचा धंदा धरला, तेव्हा फायबरला वाट मोकळी झाली. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने लाकडी होडीवर फायबरचे आवरण चढवण्याची पद्धत अभ्यासून प्रसारित केली, हेही या संक्रमणाचे एक अंग होते.

जुन्या लाकडावर नवे आवरण चढवण्याच्या त्या टप्प्यात सागाचे तेल आड आले. पॉलिएस्टर रेझिन कोरड्या, खरबरीत पृष्ठभागाला धरते. तेलकट सागाला ते नीट धरत नाही, आणि लाकूड आतून ओले असेल तर ते फुगताना-आकसताना वरचे आवरण सोलून निघते. ज्या गुणामुळे ट्रिंकोमली दोन शतके तरंगली, तोच गुण नव्या साहित्याच्या चिकटण्याला मारक ठरला. शिवाय आवरणाच्या आत झिरपलेले पाणी बाहेर पडायला वाट नसल्यामुळे लाकूड कोंडून कुजू लागते आणि वरून काहीच दिसत नाही. फटी उकरणाऱ्या सुताराला नेहमी दिसणारी कूज पातळ, चकचकीत कवचामागे लपली. त्यामुळे या मध्यंतरीच्या काळातील दुरुस्त्यांचा अनुभव फारसा उत्साहवर्धक नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

शुद्ध फायबरच्या शिडाच्या नौकेने भारतीयांना पृथ्वीप्रदक्षिणा घडवली ती सैन्याच्या कोअर ऑफ इंजिनिअर्समधील अधिकाऱ्यांच्या तृष्णा या मोहिमेत. फिनलंडच्या बांधणीची ही 37 फुटी नौका सप्टेंबर 1985 मध्ये इंग्लंडहून निघून 10 जानेवारी 1987 रोजी मुंबईस पोहोचली. मुंबईच्या पाण्यात शिडाच्या नौकांची परंपरा जुनी आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना 1846 ची, आणि 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील शिडाच्या शर्यती मुंबईतच झाल्या, जेथे फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल या प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्या प्रकारच्या हलक्या नौका मुळात प्लायवूडच्या कल्पनेतून आल्या आणि नंतर फायबरमध्येही होऊ लागल्या. अशा शर्यतींच्या नौकांची नित्य डागडुजी नावाडी आणि क्लबातील हौशी मंडळी स्वतः करीत असत, म्हणजे सुतारकीचा वारसा नसलेला माणूस हलाला हात लावू लागला तो प्रथम येथे.

आता फायबरच्या दुरुस्तीचे स्वरूप पाहू, कारण नवख्या माणसाला ते का साधते आणि कोठे फसवते, हे कृती जवळून पाहिल्यावरच कळते. बाहेरून दिसणारा चकचकीत रंगीत थर हा जेलकोट, म्हणजे रंग मिसळलेल्या रेझिनचा अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा थर असतो. त्याच्या मागे काचतंतूंची चटई आणि जाड विणीचे कापड रेझिनमध्ये मुरवून चढवलेले असते. कारागीर त्यांना मॅट आणि रोव्हिंग म्हणतात. नुसती जेलकोटची चीर असेल तर ती उकरून रंगीत भरणी करून भागते. पण आदळून थरच फुटला असेल, किंवा थर एकमेकांपासून सुटले असतील, तर वरचा रंग भरून काही होत नाही. म्हणून पहिली पायरी ठोकून पाहण्याची. लहान हातोडीच्या किंवा नाण्याच्या टोकाने हलावर टकटक केली असता निरोगी जागी टणक, वाजता आवाज येतो आणि सुटलेल्या जागी तो पोकळ, मंद होतो. त्या पोकळ जागेची हद्द खडूने आखून घेतात, आणि ती जवळपास नेहमी डोळ्यांना दिसणाऱ्या जखमेपेक्षा मोठी निघते. मोगरीच्या आवाजावरून पीळ ओळखणारा सुतार आणि नाण्याच्या आवाजावरून थर ओळखणारा नवा कारागीर यांच्यामध्ये एवढाच दुवा राहिला आहे, आणि तो दुवा कानाचा आहे.

नंतरची पायरी खराब भाग कापून कडा उतरत्या करण्याची. हल 6 मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या चहूबाजूंनी त्याच्या बारा पट, म्हणजे 72 मिलिमीटर रुंद उतार घासून काढावा असा सर्वसाधारण संकेत आहे. नवख्यांचा हात येथे आखडतो, कारण चांगले फायबर घासून वाया घालवल्यासारखे वाटते. पण नवा तुकडा जुन्या भागाला धरणार तो या उताराच्या क्षेत्रफळावर. खड्ड्याच्या उभ्या कडेला चिकटवलेला तुकडा म्हणजे बूच असते, आणि पाण्याच्या दाबाने बूच केव्हा तरी निघते. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसाला आणि कातडीला बाधते, म्हणून तोंडावर चांगला मास्क, डोळ्यांवर चष्मा आणि अंगभर कपडे ही शिस्त मोडू नये. जागा अ‍ॅसिटोनने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्यावी लागते, कारण फायबर पाण्याने कुजत नसले तरी पाणी शोषते. दीर्घकाळ पाण्यात राहिलेल्या जुन्या हलावर फोड उठतात, त्यांच्यात आंबट वासाचे पाणी सापडते, आणि असा हल सुकायला कित्येक आठवडे लागू शकतात.

मग येते प्रमाण. पॉलिएस्टर रेझिन आपोआप घट्ट होत नाही. त्यात हार्डनर म्हणून मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड हा द्रव साधारण एक ते दोन टक्के घालावा लागतो, म्हणजे एक किलो रेझिनला 10 ते 20 ग्रॅम. कोबाल्टचा अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे घट्ट होण्याचा वेग वाढवणारा द्रव, आधीच मिसळलेला नसेल तर तो आधी रेझिनमध्ये ढवळून मगच हार्डनर घालतात. हे दोन द्रव एकमेकांत थेट मिसळल्यास स्फोट होऊ शकतो, आणि ही सूचना ज्या कारखान्यात भिंतीवर लिहिलेली नसते तेथे काम न शिकलेलेच बरे. हार्डनर कमी पडला तर रेझिन चिकट राहते, जास्त झाला तर ते तापून तडकते. भिजवलेली चटई एकावर एक चढवताना तिच्यातली हवा खाचांच्या लोखंडी रोलरने दाबून काढतात, कारण आत राहिलेला प्रत्येक बुडबुडा ही पुढच्या पाण्याची जागा असते. पहिला तुकडा सर्वांत मोठा असावा की सर्वांत लहान, याबाबत कारागिरांत दोन मते आहेत. मोठा आधी लावल्यास जुन्या भागाला नवा थर अधिकाधिक जागेवर चिकटतो, या कारणासाठी पहिले मत अधिक पटण्यासारखे आहे.

या क्रमाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. सुताराला साहित्य तयार मिळे आणि कसब घडवावे लागे. फायबरच्या कारागिराला साहित्यच जागेवर घडवावे लागते, कारण दुरुस्तीच्या ठिकाणी जे बसवले जाते ते त्या क्षणापर्यंत पत्रा नसतेच, डब्यातील द्रव आणि गुंडाळलेली चटई असते. म्हणून त्याची चूक फळी चुकीची निवडण्याची नसून वजन चुकीचे करण्याची, घाई करण्याची आणि ओल्या जागेवर थर चढवण्याची असते. आणि वजन, वेळ व ओल या तिन्ही गोष्टी काटा, घड्याळ आणि मीटर यांनी मोजता येतात, त्यामुळे ही विद्या घराण्याबाहेर जाऊ शकली.

या निष्कर्षाला गोव्यातील एका नौकेचा दाखला मिळतो. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या मनात भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी अशी कल्पना होती. नौदलातील पाणबुडे अधिकारी दिलीप दोंदे यांनी 2006 मध्ये त्यासाठी नाव दिले. 56 फुटी म्हादई ही नौका मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस कारखान्यात डच आराखड्यावरून बांधण्यात आली आणि फेब्रुवारी 2009 मध्ये नौदलात दाखल झाली. दांडेकरांनी फायबरच्या होड्या बांधल्या होत्या, पण महासागर ओलांडणारी शिडाची नौका त्यांनी यापूर्वी बांधलेली नव्हती, आणि दोंदे यांनाही अशा नौकेतून एकट्याने महासागर ओलांडण्याचा अनुभव नव्हता. दोघेही आपापल्या परीने नवखे होते. दोंदे बांधणीच्या काळात कारखान्यातच रमले, आणि हलाचा थर न् थर त्यांच्या डोळ्यांदेखत चढला, ही गोष्ट पुढे समुद्रात उपयोगी पडणारी होती. लाकडी पट्ट्यांचा गाभा, त्यावर इपॉक्सी हे पॉलिएस्टरपेक्षा अधिक घट्ट धरणारे रेझिन आणि दोन्ही अंगांना काचतंतूचे थर, अशी ही रचना आहे. अशा हलाला खोल ओरखडा गेला तर पाणी गाभ्यातील लाकडापर्यंत पोहोचते, म्हणून त्याच्या दुरुस्तीत फायबरचा कारागीर आणि सुतार दोघांचेही ज्ञान लागते. ऑगस्ट 2009 ते मे 2010 या काळात दोंदे यांनी प्रदक्षिणा पूर्ण केली. अभिलाष टॉमी यांनी नोव्हेंबर 2012 ते मार्च 2013 मध्ये त्याच नौकेतून न थांबता ती केली. 2017 मध्ये त्याच कारखान्यातून आलेल्या तारिणी या नौकेतून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालील सहा महिला अधिकाऱ्यांनी, आणि 2024-25 मध्ये दिलना के. व रूपा ए. या दोघींनी ती केली.

2017 मध्ये दांडेकरांच्याच कारखान्यात सुहेलीच्या आराखड्यावर टॉमी यांच्यासाठी थुरिया ही नौका तयार झाली. ज्या आकृतीने मुंबईच्या सागातून 1960 च्या दशकात समुद्र पाहिला, तीच आकृती अर्ध्या शतकानंतर गोव्यात नव्या पद्धतीने उतरली. दोन्ही नौकांचे बाह्य वळण एकसारखे, पण आत फट ही गोष्टच दुसऱ्या नौकेत उरलेली नाही. पाण्याखाली बुडी मारून कापूस ठोकण्याचा जो उपाय नॉक्स-जॉन्स्टन यांना सुचला, तो थुरियाच्या कामाचा नव्हता, कारण तिच्या हलाला गळती लागली असती तर ती सांध्यातून नव्हे, फुटीतून लागली असती. पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी आणि आतून दाबून धरलेली फळी, एवढाच तात्पुरता उपाय तेथे उरतो. खरी दुरुस्ती कोरड्या जमिनीवरच होते.

कोरडी जमीन हा मुद्दा किनारा सोडून आत आल्यावर, उदाहरणार्थ नाशिक जिल्ह्यातील नांदगावच्या संदर्भात, अनपेक्षितपणे महत्त्वाचा ठरतो. मुंबईहून रेल्वेने अडीचशे किलोमीटरहून दूर असलेल्या, पर्जन्यछायेतील आणि अवर्षणप्रवण अशा या तालुक्याला नौकांची परंपरा नाही. परंतु 1969 मध्ये तालुक्यातील पांझण गावाजवळ गिरणा धरण पूर्ण झाले आणि सुमारे 21 हजार 500 दशलक्ष घनफूट क्षमतेचा जलाशय येथे उभा राहिला, ज्यावर जळगाव जिल्ह्याचे सिंचन, मालेगाव-चाळीसगावसारखी शहरे आणि नांदगावसह छप्पन्न खेड्यांची पाणीयोजना अवलंबून आहे. नाशिकजवळ गंगापूर धरणावर पर्यटन विकास महामंडळाने बोट क्लब उभारला, तोही याच अंतर्देशीय पाण्याच्या विस्ताराचा भाग आहे. खाऱ्या पाण्यातील किड्याचा उपद्रव अशा गोड्या पाण्यात नाही, पण उन्हाळ्यात पाणी उतरते तसतसे खडक आणि बुडालेल्या झाडांची खोडे वर येतात आणि होडीच्या बुडाला ओरखडे जातात. किनाऱ्यावरच्या लाकडी होडीची दुरुस्ती पावसाळ्यात बांधलेली होती, तर अशा जलाशयावरच्या फायबरच्या होडीची दुरुस्ती साहजिकच उन्हाळ्याकडे झुकते.

आणि उन्हाळ्यातच रेझिन सर्वांत हट्टी होते. तापमान सुमारे 10 अंशांनी वाढले की रेझिन घट्ट होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो असा अनुभवसिद्ध आडाखा आहे. नांदगावात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, म्हणजे किनाऱ्यावर अर्धा तास वापरता येणारे मिश्रण येथे दहा-पंधरा मिनिटांत डब्यातच गोठू शकते. उपाय सोपे आहेत. काम पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी आटोपावे, हार्डनर किमान प्रमाणावर ठेवावा, मिश्रण एकाच वेळी थोडे करून उथळ भांड्यात पसरावे, आणि कमी तापणारे रेझिन मागवावे. त्याच्या उलट येथील कोरडी हवा ही देणगी आहे. किनाऱ्यावर आर्द्रतेमुळे घासलेल्या पृष्ठभागावर ओल धरते आणि भिजलेला हल सुकायला आठवडे लागतात, तर या पठारावरच्या वैशाखात तोच हल लवकर सुकतो.

या विद्येत जे अद्याप सुटलेले नाही ते जुन्या हलाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न होय. जीर्ण मचव्याच्या फळ्या शेवटी चुलीत, गोठ्यात किंवा कुंपणात जात. फायबर जाळले तर विषारी धूर होतो, पुरले तर ते तसेच राहते, आणि कापून पुन्हा वितळवता येत नाही, कारण घट्ट झालेले पॉलिएस्टर उष्णतेने मऊ होत नाही, जळते. युरोपात काही ठिकाणी असे फायबर बारीक करून सिमेंटच्या भट्टीत वापरतात, जेथे रेझिन इंधन होते आणि काच सिमेंटच्या कच्च्या मालात मिसळते. अशी व्यवस्था हाताशी नसलेल्या बंदरात किंवा जलाशयावर मात्र फुटलेला हल पाण्यायोग्य करून आणखी काही वर्षे चालवणे हेच कामाचे ठरते, आणि त्यासाठी नवख्या माणसाला तोच क्रम अंगवळणी पाडावा लागतो: ठोकून पाहणे, घासणे, सुकवणे, मोजणे आणि मगच थर चढवणे.